रानबेडूक व त्याचें आटणारें डबकें

मृगाची पहिली जोरदार सर येऊन गेली कीं, कालपर्यंत जेथें धूळ उडत होती तेथील साचलेल्या पाण्यांतून रात्रभर बेडकांचा गजर सुरू होतो, हें आपल्याकडील लहान मुलासही सांगावें लागत नाहीं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांत तर बेडकांचें स्वतंत्र सूक्तच आहे, आणि वर्षभर गप्प बसून पावसाळ्यांत बोलूं लागणाऱ्या ह्या प्राण्यांस त्यांत व्रतस्थ ब्राह्मणांची उपमा दिलेली आहे. ज्यांना ही उपमा अपमानास्पद वाटेल त्यांनीं तूर्त एवढेंच लक्षांत ठेवावें कीं, ऋषींचें निरीक्षण बिनचूक होतें. हंगाम आल्याखेरीज बोलावयाचें नाहीं व आल्यावर एक रात्रही फुकट घालवावयाची नाहीं, हा पुष्कळ बेडकांचा नियमच आहे.

ह्या नियमाचें पराकाष्ठेचें उदाहरण मात्र उत्तर अमेरिकेंत सांपडतें. तेथील पानगळीच्या व सूचिपर्णी जंगलांत एक लहानसा बेडूक राहतो. त्याला इंग्रजींत ‘वुड फ्रॉग’ म्हणतात. आपण त्यास रानबेडूक म्हणूं. १८२५ सालीं जॉन ल काँट ह्या अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञानें त्याचें वर्णन प्रसिद्ध करून त्याला ‘राना सिल्व्हॅटिका’ असें नांव दिलें. ह्यांतील ‘राना’ म्हणजे लॅटिन भाषेंत बेडूक, व ‘सिल्व्हॅटिका’ म्हणजे रानांत राहणारा. आपल्या रानाचा त्या ‘राना’शीं कांहीं संबंध नाहीं, पण योग गमतीचा आहे खरा. अलीकडे बरेच शास्त्रज्ञ त्यास ‘लिथोबेटीज सिल्व्हॅटिकस’ असें म्हणतात. दक्षिणेस जॉर्जिया संस्थानाच्या डोंगराळ भागापासून उत्तरेस कॅनडा व अलास्कापर्यंत त्याचा विस्तार आहे. उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे वस्ती करणारा अमेरिकेंतील बेडूक हा एकटाच.

दिसावयास तो अगदीं सामान्य आहे. लांबी दोन-अडीच इंच, मादी नराहून थोडी मोठी, आणि रंग वाळलेल्या पानाचा. डोळ्यापासून मागें गेलेला एक काळसर पट्टा तेवढा नजरेंत भरतो. चोरानें तोंडावर फडकें बांधावें तसा तो दिसतो. पाचोळ्यांत हा बसला म्हणजे पायाखालीं येईपर्यंत दिसावयाचा नाहीं.

आतां ह्याचा हिंवाळा पाहा. त्या प्रदेशांतील कित्येक बेडूक थंडीपूर्वीं तळ्याच्या तळाशीं जातात. वर बर्फ जमलें तरी खालीं पाणी राहतें. दुसरे कांहीं प्राणी जमीन उकरून हिंवाच्या आवांक्याबाहेर खोल जातात. रानबेडूक ह्यांपैकीं कांहींच करीत नाहीं. झाडाखालच्या पाचोळ्यांत तो शिरतो, अंग आवळून बसतो, आणि थंडी वाढली म्हणजे गोठतो. ‘गोठतो’ हा शब्द आम्हीं येथें अलंकार म्हणून वापरलेला नाहीं. त्याच्या शरीरांतील पाण्यापैकीं सुमारें दोनतृतीयांश पाण्याचें खरोखरीच बर्फ होतें. कातडीखालीं बर्फाचे पापुद्रे, पोटाच्या पोकळींत बर्फ, डोळ्यांचीं भिंगें देखील पांढरीं. श्वास थांबतो, कांहीं तासांनीं हृदयही थांबतें. हातांत घेतल्यास दगडासारखा कठीण लागतो आणि टेबलावर टाकल्यास तसाच वाजतो. वैद्यानें नाडी पाहावयाची म्हटली तर ती नाहींच.

असा बेडूक वसंतांत पुन्हां उड्या मारूं लागतो, ही गोष्ट १९८२ सालीं मिनेसोटाच्या विल्यम श्मिड ह्यांनीं शास्त्रीय जगापुढें मांडली, व पुढें कॅनडांतील कार्लटन विद्यापीठाच्या केनेथ व जॅनेट स्टोरी ह्या दांपत्यानें तिच्यामागील रसायन पुष्कळसें उलगडून दाखविलें. तें समजण्यास मोठ्या प्रयोगशाळेची जरूर नाहीं. ज्यांनीं घरीं पॉट फिरवून आइसक्रीम केलें असेल त्यांना ठाऊक आहे कीं, साध्या पाण्याचें बर्फ सहज होतें, परंतु साखर घातलेलें दूध थिजवावयाचें तर नुसतें बर्फ पुरत नाहीं, त्यांत मीठ टाकून थंडावा वाढवावा लागतो. बेडूक तेंच करतो. शरद् ऋतूंत त्यानें यकृतांत पिष्टमय द्रव्य सांठविलेलें असतें. कातडीवर पहिलें बर्फ धरूं लागतांच कांहीं मिनिटांच्या आंत त्या सांठ्याची साखर होऊन रक्तांत उतरूं लागते, व हृदय बंद पडण्यापूर्वीं ती प्रत्येक अवयवांत पोंचविली जाते. नेहमीच्या मानानें रक्तांतील साखर शंभर पटींच्या घरांत जाते. मनुष्याचा मधुमेह ह्यापुढें कांहींच नव्हे. त्यामुळें पेशींच्या बाहेरचें पाणी गोठलें तरी पेशींच्या आंतलें दाट पाकासारखें होऊन राहतें व गोठत नाहीं. पेशीच्या आंत बर्फाचा एक स्फटिक झाला तर ती फाटलीच. म्हणून सारी धडपड ही आंतली बाजू वांचविण्याची. शरीरांत सांठलेला युरियाही ह्या कामीं मदत करतो.

अलास्कांत डॉन लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रानबेडूक मोकळ्या जंगलांतच गोठूं दिले व त्यांच्या तापमानाची नोंद ठेवली. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींत बेडूक सरासरी सहा महिन्यांहून अधिक काळ गोठलेले आढळले, कांहीं तर सात महिने. आणि तापमान शून्याखालीं १८ अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरलेलें होतें. तरीही निरीक्षणांतील सर्व बेडूक वसंतांत जिवंत निघाले.

इतका जीवघेणा मार्ग ह्यानें कां पत्करावा? तळ्याच्या तळाशीं किंवा जमिनींत खोल राहणाऱ्यास वर ऊन पडल्याचें उशिरा कळतें. पाचोळ्यांतला पाहुणा मात्र पहिल्या उबेसरशी जागा होतो. हृदय प्रथम हालतें, मग श्वास, मग पाय. एका दिवसांत स्वारी चालावयास लागते. ह्या घाईचें कारण त्याच्या डबक्यांत आहे.

वसंताच्या आरंभीं जंगलांतील खोलगट जागांत वितळलेल्या बर्फाचें व पहिल्या पावसाचें पाणी सांचतें. त्यास नदी मिळत नाहीं व त्यांतून ओढाही निघत नाहीं. कोठें तें अंगणाएवढें, कोठें एखाद्या शेताएवढें, व खोली बहुधा कमरेइतकी देखील नाहीं. ग्रीष्म संपेपर्यंत तें आटून जातें. मनुष्याच्या नजरेला हें पाणी अगदींच कुचकामाचें. पिण्याच्या उपयोगाचें नाहीं, मासे धरावयाचे नाहींत, होडी चालावयाची नाहीं. रानबेडकास मात्र हेंच हवें असतें. कायम भरलेल्या तळ्यांत मासे असतात, आणि बेडकाचीं पिलें हा माशांचा आयता घांस आहे. जें पाणी दरवर्षीं आटतें त्यांत मासा टिकूं शकत नाहीं. म्हणजे डबक्याचें आटणें ही त्याची तटबंदीच झाली. पण ह्या तटबंदीचें मोल असें कीं, पाणी संपण्यापूर्वीं पिलांनीं पाय फोडून बाहेर पडलें पाहिजे. मुदत चुकली कीं सारा वंश चिखलांत वाळावयाचा. म्हणून जो पहिल्या रात्रीं येईल तोच खरा शहाणा.

न्यू इंग्लंडच्या भागांत ही रात्र बहुधा मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या आरंभीं येते. दक्षिणेकडे फेब्रुवारींतच, व अलास्कांत मे उजाडतो. पाण्यावर अजून बर्फाचे तुकडे तरंगत असतात. पाऊस पडत असतो व हवा किंचित् उबदार झालेली असते. अशा रात्रीं जंगलांतून शेंकडों नर डबक्याकडे निघतात आणि पाण्यांत पोंचतांच बोलूं लागतात. त्यांचा आवाज आपल्या बेडकांच्या ‘डरांव’सारखा नसून थेट बदकांच्या कलकलाटासारखा असतो. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें-नातवंडें आज न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स अशा ठिकाणीं राहतात. घरामागील झाडींतून वसंतारंभीं बदकांचा गलबला ऐकूं आला, आणि जवळ जातांच सारें चिडीचूप होऊन एकही बदक दिसलें नाहीं, तर तेथें कोण आहे हें त्यांना पत्रानें अवश्य कळवावें.

हा मेळा फार तर आठवडा-दोन आठवडे टिकतो. नर लवकर वयांत येतात, मादीस बहुधा एक वर्ष अधिक लागतें. त्यामुळें पाण्यांत नर पुष्कळ व माद्या थोड्या असा प्रकार होतो. नरास डोळ्यांनीं फारसा भेद कळत नाहीं. जें हालेल त्यास तो मिठी मारतो. मिठींत सांपडलेला दुसरा नर असला तर तो ओरडून आपली सुटका करून घेतो. कधीं कधीं एकाच मादीभोंवतीं अनेक नरांचा गुंता होऊन ती बिचारी बुडून मरते. निसर्गांत सर्व कांहीं शहाणपणानेंच चालतें असें मानणाऱ्यांनीं हें दृश्य एकदां पाहावें.

मादी आपलीं सर्व अंडीं एकाच रात्रीं, एकाच पुंजक्यांत, पाण्यांतील एखाद्या काटकीला चिकटवून घालते. पुंजक्यांत पांचशें ते हजार, क्वचित् अधिकही अंडीं असतात. घातला तेव्हां तो लिंबाएवढा असतो, पण भोंवतालचा बुळबुळीत थर पाणी शोषून फुगतो आणि दुसऱ्या दिवशीं मुठीहून मोठा होतो. अंडीं घालून झालीं कीं मादी जंगलांत परत जाते. थोड्याच दिवसांत नरही जातात. आईबापांचें काम एवढेंच.

तथापि ह्या माद्या एक मोठी शहाणपणाची गोष्ट करतात. सबंध डबकें मोकळें असतांना त्या आपले पुंजके एकाच कोंपऱ्यांत, एकमेकांस चिकटून ठेवतात; एका ठिकाणीं शेंकडों पुंजक्यांची जणूं सतरंजीच पसरते. काळ्या अंड्यांना ऊन लागून ही सतरंजी तापते, आणि तिच्या मध्यावरील अंडीं भोंवतालच्या पाण्याहून कांहीं अंशांनीं ऊबदार राहतात. तीं लवकर उबतात, व रात्रीं पुन्हां बर्फ धरलें तर कडेचीं गोठून मरतात, मधलीं वांचतात. अर्थात् मधली जागा पहिल्या रात्रीं आलेल्या मादीची. पंगतीला उशिरा येणाऱ्यानें दाराशीं बसावें, तसें पुढच्या रात्रींच्या माद्यांना कडेवर भागवावें लागतें.

ब्रूस वॉल्डमन ह्या शास्त्रज्ञानें १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत ह्या सतरंजीचा, व पुढें तिच्यांतून निघणाऱ्या बेडूकमाशांचा अभ्यास केला. त्यांत असें दिसलें कीं, एका आईचे बेडूकमासे परक्यांच्या गर्दींतून आपल्या भावंडांस ओळखतात व त्यांच्या सोबतीनें राहणें पसंत करतात. एकत्र कुटुंबाची ही हौस वाचून कोणास आनंद होईल. पण भूक लागल्यावर हेच बेडूकमासे शेवाळ व कुजलेलीं पानें यांबरोबर इतर बेडकांचीं अंडीं व मेलेले प्राणीही खातात, हेंही सांगून ठेवलेलें बरें.

मासे नसले तरी डबक्यांत शत्रु नाहींत असें नव्हे. चतुरांच्या व पाणभुंग्यांच्या अळ्या असतात; सॅलॅमँडर नांवाच्या, पालीसारख्या दिसणाऱ्या पण बेडकाच्या नात्यांतल्या प्राण्यांचीं पिलें असतात. शत्रूचा वास पाण्यांत आला कीं बेडूकमासे कमी हालचाल करूं लागतात, व कांहीं दिवसांत त्यांचें शेंपूट रुंद होतें, म्हणजे निसटण्यास बरें. ह्याहूनही नवल २००८ सालच्या एका प्रयोगांत आढळलें. अंडीं अद्याप फुटलेलीं नसतांना त्यांच्या पाण्यांत एका सॅलॅमँडराचा वास व चिरडलेल्या बेडूकमाशांचा वास असे दोन्ही एकत्र सोडण्यांत आले. पुढें त्या अंड्यांतून बाहेर पडलेले बेडूकमासे नुसता त्या सॅलॅमँडराचा वास येतांच निश्चल होऊन बसूं लागले. ज्या अंड्यांना हा धडा मिळाला नव्हता त्यांतील पिलांस त्याचें कांहींच वाटेना. अभिमन्यूनें मातेच्या उदरांत चक्रव्यूहाचा भेद ऐकला, ही कथा आपण मुलांना सांगतों. त्याचें शिक्षण अर्धवट राहिलें होतें, ह्यांचें निदान तेवढ्या धड्यापुरतें पुरें झालेलें दिसतें.

मे-जून उलटतां पाणी कमी होऊं लागतें व उन्हानें तापतें. दोन ते साडेतीन महिन्यांत पाय फुटून, शेंपूट आखडून, नखाएवढे बेडूक कांठावर येतात. पाणी झपाट्यानें आटूं लागल्यास ते आपली वाढ कांहींशी घाईनें उरकतात, मग शरीर लहान राहिलें तरी चालेल. पण ह्या घाईलाही मर्यादा आहे. एखाद्या वर्षीं पाऊस ओढ देतो, जूनच्या आरंभींच तळ दिसूं लागतो, आणि शेंकडों पुंजक्यांपैकीं एकाचेंही पिलूं जंगलापर्यंत पोंचत नाहीं. दुसऱ्या वर्षीं पाणी पुरतें आणि कांठचा पाचोळा बेडकांनीं हालूं लागतो. रानबेडकाचें आयुष्य थोड्या वर्षांचें असतें. म्हणून अशीं वाईट वर्षें लागोपाठ आलीं तर त्या डबक्याची वस्ती मोडते.

मोडलेली वस्ती पुन्हां कशी बसते, हें व्हर्जिनियाच्या पर्वतांत बर्व्हन व ग्रुडझिएन यांनीं पाहिलें. बेडकांवर खुणा करून त्यांनीं कांहीं वर्षें नजर ठेवली व १९९० सालीं आपले निष्कर्ष मांडले. एकदां ज्या डबक्यांत अंडीं घातलीं तें प्रौढ बेडकांनीं कधींच सोडलें नाहीं. नव्या पिढींतील मात्र शंभरांतील सुमारें अठरा जण जन्मस्थान टाकून दुसऱ्या डबक्यांत गेले. बाकीचे आपल्या मूळ घरींच परतले. हे अठरा हाच ओसाड डबक्यांचा आधार. पण त्यासाठीं दोन डबक्यांच्या मध्यें जंगल हवें. वर्षांतले पंधरा-वीस दिवस सोडले तर प्रौढ बेडूक पाण्यांत नसतोच. तो शेंकडों मीटर दूर, सावलींतल्या ओलसर पाचोळ्यांत किडे टिपीत असतो. डबकें जसेंच्या तसें राखून भोंवतालची झाडें तोडलीं तर मागें राहतें तें एक रिकामें घर.

आतां माणसाकडून काय होतें तें पाहूं. डासांची पैदास होते म्हणून हीं डबकीं बुजविलीं जातात, ही एक गोष्ट झाली. पण त्याहून विचित्र अपाय सद्‌हेतूनें होतो. एखादा जमीनमालक डबक्याची दया येऊन तें खोल खणतो, त्यांत बारमास पाणी राहील अशी व्यवस्था करतो, व वर हौसेनें मासे सोडतो. दिसावयास सुंदर तळें होतें. त्या वर्षीं रानबेडूक नेहमीप्रमाणें येतात, कारण प्रौढांना दुसरें ठिकाण ठाऊक नसतें. अंडीं घालतात, आणि पिलांस मासे खातात. पुढल्या वर्षीं तोच प्रकार. बुजविणाऱ्यापेक्षां हा उपकारकर्ता अधिक महागांत पडतो, असें आमचें स्पष्ट मत आहे. कारण बुजविलेलें निदान दिसतें तरी.

रस्ते हा दुसरा घात. डबक्यास जाणारी वाट आडवी कापून रस्ता गेला म्हणजे त्या एकाच पावसाळी रात्रीं शेंकडों प्राणी चाकांखालीं जातात. बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यावर टाकलेलें मीठ वाहत येऊन कडेच्या डबक्यांत उतरतें व अंड्यांना आणि पिलांना बाधतें. मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅम्हर्स्ट गांवीं १९८७ सालीं मुख्यतः सॅलॅमँडरांसाठीं रस्त्याखालून दोन बोगदे बांधण्यांत आले. इतर पुष्कळ ठिकाणीं लोक स्वतः रेनकोट घालून, बत्त्या घेऊन रस्त्यावर उभे राहतात व बेडूक, सॅलॅमँडर उचलून पलीकडे ठेवतात. त्या रात्रीस ते ‘बिग नाइट’, म्हणजे मोठी रात्र, म्हणतात. मुलांनाही झोपेंतून उठवून नेण्याची तेथें चाल आहे.

हवामानाचा पालट ह्या दोहोंहून कमी दिसणारा आहे. हिंवाळा सौम्य झाला तर बेडकास बरेंच, असें कोणास वाटेल. परंतु पाचोळ्यावर बर्फाचा जाड थर असला म्हणजे तो रजईचें काम करतो. तो पातळ झाला कीं बेडूक वारंवार गोठतो व वितळतो, आणि सौम्य हवेंत त्याचें शरीर अधिक जागें राहून शरदांत सांठविलेलें अन्न खर्च करतें. तिकडे उन्हाळा वाढून डबकें लवकर आटलें, तर वर सांगितलेली मुदत आणखी आखूड होते.

ह्या पाण्याला कायद्याचें पाठबळही नाजूक आहे. २०२३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सॅकेट यांच्या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, जी पाणथळ जागा नदी-सरोवरासारख्या कायम पाण्याशीं पृष्ठभागावरून अखंड जोडलेली नाहीं, तिला राष्ट्रीय जलसंरक्षण-कायदा लागू होत नाहीं. रानबेडकाच्या डबक्याचा तर एकटेंपणा हाच गुण. जोडलेलें असतें तर मासे आले असते. आतां जें कांहीं रक्षण व्हावयाचें तें ज्या त्या संस्थानाच्या कायद्यानें. मॅसॅच्युसेट्समध्यें अशा डबक्यांची सरकारी नोंद होते, व कोणीही नागरिक पुरावा धाडून ती करवूं शकतो. रानबेडकाच्या अंड्यांच्या पुंजक्यांचें छायाचित्र हा तेथें मान्य असलेला एक पुरावा आहे. तो मिळण्याचे दिवस वर्षांतून थोडेच आठवडे. जागा पाहून घर बांधूं इच्छिणारे लोक ऑगस्टांत आले तर त्यांना पाणी दिसत नाहीं. खोलगट जमिनींत काळपट पडून एकावर एक चिकटलेलीं पानें दिसतात, आणि हजार फुटांवरच्या झाडींत, पानांच्याच रंगाचे, त्या डबक्याचे मालक बसलेले असतात.